यंत्र भरेपर्यंत

पत्नीचे खुब्याचे हाड मोडले. हृदयविकारामुळे ती रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेत असे. त्या थांबवल्या होत्या. पण रक्त आता नीट गोठते की नाही, हे कळल्याखेरीज शस्त्रक्रिया होणार नव्हती. शल्यचिकित्सक दुपारी गारगोटीला जाणार आणि पुढच्या आठवड्यात परतणार. अहवाल वेळेत आला नसता, तर तोवर तिला तशीच कण्हत ठेवली असती.

प्रयोगशाळेत नवे यंत्र आले होते. त्यावरचा झेंडूचा हार अद्याप सुकला नव्हता. नळीतले रक्त गरगर फिरवले की वर पिवळसर द्रव येतो. तपासणी त्याची होते. जुन्या यंत्राला लागणारा वेळ नव्या यंत्राने फारच कमी केला, असे भिंतीवरचा फलक सांगत होता. पत्नीची निळ्या झाकणाची नळी त्याच फलकाखाली सकाळपासून उभी होती.

मी कारण विचारले.

"मशीन भरू द्या की, पावणं," तंत्रज्ञ म्हणाला. "पेठ वडगावच्या नळ्या यायच्यात अजून."

"ही काय वडापची जीप आहे? सीटा भरल्याशिवाय हलायचे नाही?"

बाकावरचे लोक हसले. त्याला ते झोंबले. "एकटी नळी फिरवता येत न्हाय. समोर तेवढंच वजन लागतंय."

"पाण्याची ठेवा."

"पाण्याची फुटली मागं. सायबांनी बंद केलंय."

"साहेबांना बोलवा."

"सायेब लग्नाला गेल्यात."

मी बाही वर सारली आणि हात टेबलावर ठेवला. "माझे रक्त घ्या."

"तुमाला काय झालंय?"

"काही नाही. वजन हवे आहे ना?"

"आजोबा, भांडायलाच आलायसा काय?"

"होय."

त्याने सुई टोचली. मुद्दाम जोरात, हे माझे मत आजही कायम आहे. दोन्ही नळ्या समोरासमोर बसल्या. यंत्र फिरले आणि फलकावरचे शब्द खरे ठरले. यंत्राशी माझे वैर नव्हतेच.

अहवाल घेऊन मी शल्यचिकित्सकांना लिफ्टपाशी गाठले. त्यांनी घड्याळ पाहिले, कागद पाहिला, कपाळाला आठी घातली आणि माघारी फिरले.

स्ट्रेचरवरून पत्नीने माझ्या दंडाखालचा कापूस पाहिला.

"कुणाशी भांडलासा?"

"कुणाशी नाही."

"मग त्यो कापूस?"

"तपासणी केली."

ती आता काठी घेऊन चालते. तिला मी अधिक काही सांगितलेले नाही. तो तंत्रज्ञ बाजारात दिसतो, नमस्कार करतो. मी करत नाही.