गडद लाल दाणे

तिचं नाव हजेरीपटावर होतं तेवढंच. बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत सगळे तिला ब्लेडबाई म्हणत. एकतीस वर्षं तिने एकच काम केलं. भिजवलेला मक्याचा दाणा दोन बोटांत धरायचा, ब्लेडने मधोमध चिरायचा आणि टेट्राझोलियमच्या पाण्यात सोडायचा. त्या पाण्याला स्वतःचा रंग नाही. दाण्याच्या पोटातला कोंब श्वास घेत असेल तर तो लाल होतो, मेलेला असेल तर पांढराफटक राहतो. दोन तासांत निकाल. अंगठ्यावर ब्लेडचे इतके वार झालेले, की ठसा धड उठत नसे. "मी चोरी केली तर पकडणार कशी?" असं म्हणून स्वतःच हसायची.

पेरणी तोंडावर आली की वाळूत दाणे लावून सात दिवस वाट बघायला कुणाला सवड नसते. मग सगळी भिस्त या रंगावर.

अशाच घाईत एकदा तिचा धाकटा भाऊ आला. कडेवर घेऊन वाढवलेला. आता त्याचा बियाणं वाळवायचा कारखाना होता.

"ताई, आमचा नमुना आलाय तुझ्याकडे. शंभरात नव्वद जिवंत निघाले की गाड्या सुटल्या."

"नंबर सांगू नकोस मला."

"एकशे बारा."

"तुझं तोंड म्हणजे फाटकी पिशवी," ती म्हणाली, आणि उठून थेट साहेबाकडे गेली. "एकशे बारा माझ्या भावाचा आहे. चिरून देते, निकाल तुम्ही लावा."

साहेब चार महिन्यांपूर्वीच आलेला. त्याने भिंगाखाली बशी धरली आणि खूश झाला. "चौऱ्याण्णव! काय रंग धरलाय बाई, नुसता लालबुंद!"

तिनेही वाकून पाहिलं. एक दाणा सुईने दाबला. निरोगी कोंब फिका, सारखा लाल होतो आणि हाताला टणक लागतो. हे दाणे काळपट लाल होते, सुईने दाबलं तर मऊ. ओल्या मक्याला भट्टीचा चटका बसला की असं होतं.

साहेबाने पेन उघडलं. तिने नुसतं गप्प बसायचं होतं. खोटं बोलायचंसुद्धा नव्हतं.

"साहेब, थांबा," ती म्हणाली. "थोबाडीत मारली की गाल लाल होतो. म्हणून त्याला तब्येत म्हणायचं का?"

साहेबाने सुई घेऊन एकेक दाणा पुन्हा दाबून पाहिला. शेवटी आकडा खोडला.

भाऊ दुपारी आला, तो ओरडतच. "साहेब पास करत होता, तू अडवलंस! सख्खी बहीण की वैरीण?"

"भट्टी किती चढवली होतीस?"

"गाड्या दारात उभ्या होत्या, ताई."

"किती?"

तो दार आपटून गेला.

तिने नमुन्याच्या पाकिटातले उरलेले शंभर दाणे ताटातल्या ओल्या वाळूत लावले. निकालाला त्याचा उपयोग नव्हता. पण एकतीस वर्षांत ती पहिल्यांदाच स्वतःच्या डोळ्यांबद्दल साशंक झाली होती. रोज सकाळी पाणी शिंपडायची आणि वाळूकडे न बघता निघून जायची.

सातव्या दिवशी भाऊ आपणहून आला. ताटावर वाकून त्याने उगवलेले कोंब मोजले. पुन्हा मोजले. एकेचाळीस. त्यातले कित्येक वाकडे, खुरटलेले. त्याने कोपऱ्यातला एक दाणा उकरून चिमटीत धरला. त्याचा लगदा झाला. त्याने बोट पँटला पुसलं.

"लोकांनी हे पेरलं असतं," तो म्हणाला.

तिने ताट उचलून बाजूला ठेवलं.

"आईला काय सांगू?"

"सांग, बहिणीने अडवलं म्हणून."

"ते त्याच दिवशी सांगितलं."

"मग आता उरलेलं सांग," ती म्हणाली, आणि पुढच्या नमुन्याचे दाणे चिरायला बसली.