सुरईवरची सोनेरी माळ

ती चौकशी निवृत्तीनंतरची, पण अजून मनातून जात नाही. आमच्या घराण्यात कॉलेजची पदवी घेणारा मी पहिला. फौजदार झालो, वर चढलो. माणूस ओळखण्यात आपण चुकत नाही, हा ताठा मस्कतलाही सोबत नेला होता.

मी मस्कतच्या वादी अदाई भागात मुलीकडे होतो. तिच्या कंपनीतल्या पुण्याच्या साहेबांनी मला बौशरच्या घरी बोलावलं. कपाटात अमेरिकन चिनीमातीची सुरई होती, एकोणिसाव्या शतकातली. पोटावर त्या देशाच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षांचा चेहरा. भोवती रंगवलेली सोनेरी पानांची माळ मात्र गायब.

"अस्सल उचलून नक्कल ठेवलीय," साहेब म्हणाले. "आम्ही सुट्टीवर होतो, घरात फक्त आई आणि ड्रायव्हर. संध्याकाळी पोलिसांत देतो याला. व्हिसा खलास."

ड्रायव्हर रत्नागिरीचा, पन्नाशीचा. त्याला वेगळं बसवलं.

"सुरईला हात लावलास?"

"नाय साहेब."

"मग कोणी लावला?"

मान खाली. तीनदा विचारलं, तीनदा गप्प. मी मनात आरोपपत्र लिहूनही टाकलं.

तरी सवयीने मुद्देमाल तपासला. साहेबांनी ती ज्या लिलावात घेतली, तिथले फोटो मागवले. बुडाला केसाएवढी वाकडी चीर होती. फोटोत तीच चीर, तिथेच. म्हणजे सुरई अस्सल. मग सोनं गेलं कुठे? सुरईच्या कानाच्या खाचेत तपकिरी धागा अडकलेला दिसला. नखाने काढून हुंगला. चिंच!

साहेबांना घेऊन स्वयंपाकघरात गेलो. त्यांच्या आई तिथेच होत्या. देव्हाऱ्यातले देव झळकत होते.

"आजी, देव छान उजळलेत."

"दसरा आला ना! चिंच-मीठ लावून घासले. त्या पांढऱ्या केसांच्या बाबांनाही घासलं. माळ घातलेला थोर माणूस, धूळ खात कसा ठेवायचा?"

साहेबांनी कपाळाला हात लावला. चेहरा झिलईखाली होता म्हणून वाचला; सोनं वरवरचं, ते चिंचेबरोबर गेलं.

"चिंच मीच आणून दिलती," ड्रायव्हर हळूच मला म्हणाला. "आजींना बोलणी बसली असती, साहेब. वर्षातनं एकदा येतात लेकाकडं."

गुन्हेगार गप्प बसतो, हे मी नोकरीभर पाहिलं. दुसऱ्याची लाज राखणाराही तसाच गप्प बसतो, हे मला तिथे कळलं. नोकरीत अशा किती मौनांना मी कबुली समजलो असेन?

"भाई, माझं चुकलं," मी म्हणालो.

"खलास, साहेब, विषय संपला. चला, घरी सोडतो."

येताना याच गाडीत मी मागे बसलो होतो. जाताना पुढचं दार उघडून त्यांच्या शेजारी बसलो.