तीन पट्ट्यांची माशी

"हल्ली काय करतेस गं?" असं कुणी विचारलं की ताई गंभीर चेहऱ्याने म्हणायची, "माशा मारते." आणि ते अगदी खरं होतं. शहराच्या आरोग्य प्रयोगशाळेत, तळमजल्यावरच्या शेवटच्या खोलीत ती सव्वीस वर्षं माशा ओळखायचं काम करत होती. खानावळींतून, गोठ्यांतून, इस्पितळांतून चिकट कागद आणि बाटल्या यायच्या. ताईने भिंगाखाली धरून सांगायचं, ही कोण. मग वरचे साहेब ठरवायचे, घाण कुठे आहे आणि कुणाची मानगूट धरायची.

लोकांना वाटतं, माशी म्हणजे माशी, त्यात काय बघायचंय? असं कुणी म्हटलं की ताईचं डोकंच फिरायचं. घरमाशीच्या पाठीवर चार काळ्या पट्ट्या असतात आणि पंखातली एक शीर टोकाशी जाऊन एकदम वर वळते. ती ताटावर बसणार, हाकलली तरी निर्लज्जासारखी पुन्हा तिथेच येणार. तबेल्यातली माशी दिसायला तशीच, पण तिच्या तोंडाला सुईसारखी सोंड, आणि ती कडकडून चावते. तिसरी ती लहान घरमाशी. अंगाने सडपातळ, पाठीवर तीनच पट्ट्या, त्याही पुसट, पंखातली शीर सरळ. हिला ताटाचं फारसं कौतुक नाही. खोलीच्या मधोमध, छताखाली घिरट्या घालत राहते, मध्येच झटकन वळते, पण खाली बसायचं नाव नाही. अंडी मात्र घालते ती कुजक्या, लघवीने भिजलेल्या जागी.

ताईचा एक दंडक होता. भिंगाखाली घेतल्याशिवाय माशीचं नाव सांगायचं नाही. नव्या साहेबांनी एकदा दारातूनच "घरमाशी दिसतेय" म्हटलं, तर तिने त्यांनाही सोडलं नाही. "साहेब, लांबून ओळखतात ती माणसं. माशी हातात घ्यावी लागते."

ताईची आई दादाकडे असायची. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. त्याचं किल्ल्या बनवायचं दुकान होतं. खुब्याचं हाड मोडल्यापासून, म्हणजे वर्षभर, आई अंथरुणाला खिळून होती. वहिनींचे गुडघे गेलेले, त्यांना वाकता यायचं नाही. आईचं करायला एक बाई होती, तीही दोन महिन्यांपूर्वी काम सोडून गेली. "दुसरी बघतोय," असं दादा दर वेळी सांगायचा. ताईची खोली तिसऱ्या मजल्यावर, एकच, आणि दिवसभर ती कामावर. त्यामुळे आईला तिच्याकडे न्यायचा विषय कुणी काढत नसे. कुणी काढत नाही याचं तिला मनातून बरंच वाटायचं, उगाच कशाला खोटं बोला.

त्या रविवारी ती गेली, तेव्हा मागच्या खोलीची खिडकी बंद होती आणि वासाचा फवारा इतका मारला होता की नाक चुरचुरलं. आई उशीत अर्धी बुडाली होती.

"आलीस? संपल्या का जगातल्या माशा?" आई म्हणाली.

"तुझ्यासाठी चार ठेवल्यात," ताई म्हणाली आणि पांघरूण नीट करायला वाकली. एवढ्या उकाड्यात आईने ते गळ्यापर्यंत ओढून घेतलं होतं. तिने ताईचा हात घट्ट धरला. "राहू दे गं. थंडी वाजते."

ताईने वर बघितलं. छताखाली पाच-सहा माशा फिरत होत्या. उशाशी दूध-बिस्किटाची बशी होती आणि तिच्यावर एकही बसलेली नव्हती.

वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. "शेजारचे कचरा टाकतात ना, त्याच्या असतील. घरमाशाच आहेत ना हो या? तुम्हाला कळतं त्यातलं, म्हणून विचारते."

ताईच्या पर्समध्ये कायम एक रिकामी बाटली असायची. ती काढली असती तर पुढे पांघरूणही काढावं लागलं असतं. मग दादाशी भांडण, मग आईला तीन जिने चढवून वर नेणं, मग नोकरीचं काय. हे सगळं तिच्या डोक्यात एका क्षणात येऊन गेलं.

"हो," ती म्हणाली. "घरमाशाच आहेत."

पुढचे दोन रविवार तिने कामाचं निमित्त काढलं. सतराव्या दिवशी दादाचा फोन आला. आईला ताप चढला होता, इस्पितळात हलवलं होतं, पाठीला जखमा होत्या. अठराव्या दिवशी इस्पितळाची बाटली ताईच्या टेबलावर आली. वय एक्याऐंशी, स्त्री, पाठीच्या जखमेतल्या आठ अळ्या. चपट्या, तपकिरी, दोन्ही कडांना काटे. अशी अळी त्या लहान माशीचीच असते, भिंगाचीही गरज नव्हती. तरी तिने एकेक भिंगाखाली घेतली, लांबी मोजली. फार तर दहा दिवसांच्या. मग तिने कॅलेंडरवर बोट ठेवून मागे मोजलं. त्या रविवारी ती बोलली असती तर यातलं एकही अंडं तिथे पडलं नसतं. 

बाटली आली त्याच्या तिसऱ्या दिवशी पहाटे आई गेली.

त्यानंतरच्या आठवड्यात दादा प्रयोगशाळेत आला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच. दाढी वाढली होती, हातात चष्म्याचं घर होतं, ते नुसतं उघडत होता आणि मिटत होता.

"अहवाल दिलास का?"

"अजून नाही."

"घरमाशी म्हणून लिही. खिडकीतून येते ती, कुणाच्याही घरात येते. दुसरं लिहिलंस तर तुझ्या वहिनीला चौकशीला बोलावतील. मी एकटा काय काय करणार होतो गं?"

ताईने फॉर्म बाजूला सरकवला.

"आणि तूच तर म्हणालीस," दादा म्हणाला. आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "ही मला त्या शनिवारीच सांगत होती, आईंच्या अंगाला वास येतोय, हात लावू देत नाहीत, डॉक्टरला बोलवा. मी म्हटलं, उद्या ताई येतेय, तिला कळेल. तू घरमाशा म्हणालीस. मग आम्ही डॉक्टरला नाही बोलावलं."

त्याला ते खरंच तसं वाटत होतं. त्याने तिचं ऐकलं होतं, सगळं शहर ऐकायचं तसं.

तो गेल्यावर ताईने फॉर्म पुढे ओढला. माशीचा प्रकार: लहान घरमाशी. अळीचं वय: दहा दिवसांच्या आत. खाली शेऱ्यासाठी जागा होती. तिने लिहिलं, "अळ्या प्रयोगशाळेत येण्याच्या अठरा दिवस आधी याच माशा रुग्णाच्या खोलीत मी पाहिल्या. न पकडता घरमाशी म्हणून सांगितलं. ओळखण्यात चूक झाली."

तिने ते वाचलं. शेवटच्या वाक्यावर एक सरळ रेघ मारली आणि त्याखाली लिहिलं, "ओळखली होती." मग सही केली.