पोत्याचं तोंड

लॉकडाऊनमध्ये नवऱ्याची पुण्यातली नोकरी गेली आणि आम्ही हिंगोलीला, सासऱ्यांनी मागे ठेवलेल्या घरात परतलो. जवळच्या कुरुंदा गावची हळद दळून आणायची, पाकिटं भरायची आणि मोबाईलवरून विकायची, असा उद्योग मी सुरू केला. दुकानं बंद, लोक घरात. ऑर्डरी अशा यायच्या की माझे हात कोपरापर्यंत पिवळे. माझे पाय जमिनीवर नव्हते. घर गहाण टाकून मोठी चक्की घ्यायची, हे मी ठरवूनही टाकलं. माझ्या मामांनी थोडे पैसे घालून भागीदार व्हावं, एवढंच बाकी होतं.

मामांचा जन्म हळदीच्या मोंढ्यात, बाजारात माल पारखण्यात गेला. पोतं उघडलं की वरच्या हळकुंडांकडे ते बघतही नसत. हात खांद्यापर्यंत आत घालायचे, तळातलं हळकुंड काढायचे आणि मोडून बघायचे. तोंडाशी माल सगळेच चांगला ठेवतात, म्हणायचे.

मी मोबाईलवर ऑर्डरी दाखवल्या. त्यांनी पाहिल्या न पाहिल्यासारखं केलं.

“हे पोत्याचं तोंड झालं,” ते म्हणाले. “दुकानं बंद हायत म्हणून लोक तुझ्याकडं येऊन राहिले. उघडल्यावर कोण येतं ते दाखव.”

“काहून मामा, माझ्यावर विश्वास न्हाई?”

“तुझ्यावर हाय, माय. लॉकडाऊनवर न्हाई.”

असला राग आला! खडूस म्हातारा म्हणून मी नवऱ्याचं डोकं खाल्लं. पण मामाच नाही म्हणाल्यावर तोही घर गहाण टाकायला कचरला आणि चक्की राहिली ती राहिलीच.

पुढे दुकानं उघडली आणि ऑर्डरी आटल्या. लोकांना गल्लीतला किराणावाला पुन्हा जवळचा झाला, त्यात त्यांचं तरी काय चुकलं? मोजकी गिऱ्हाइकं मात्र परत परत मागत राहिली. त्यांच्यावर आमचं भागलं, आणि घर आमचंच राहिलं. संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना मी मनातल्या मनात मामांनाही हात जोडते. तोंडावर सांगायची सोय नाही, लगेच शेफारतील.

गेल्या दिवाळीत पुन्हा ऑर्डरींचा पूर आला. मामा आपणहून घरी आले. चहाचा कप हातात घेऊन म्हणाले, “आता घे चक्की. मी पैसे घालतो.”

“होळीपर्यंत थांबा, मामा.”

“काहून? माझ्यावर विश्वास न्हाई व्हय?”

“तुमच्यावर हाय. दिवाळीवर न्हाई.”

मामा इतके हसले की अर्धा चहा धोतरावर सांडला.