बय्यूमीच्या आईचं नाव

सुंदुसने नुसतं तुमचं नाव घेतलं तर तुमची मान वळते. त्या नावाला तुमच्या आईचं नाव जोडलं की पाय चालू लागतात, मग तुम्ही पाण्यात असा, आगीत असा की सासऱ्याशी भांडत असा. हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या इस्त्रीच्या दुकानासमोरच तिचं घर आहे आणि गेली सोळा वर्षं मी त्या पोरीला बघतोय. एकदा तिने मला गंमत म्हणून बोलावलं. माझ्या आईचं नाव माझ्या बायकोने तिला सांगून ठेवलं होतं, बायकांच्या पोटात काही राहत नाही. वायर भिंतीतून उपटून, गरम इस्त्री हातात घेऊन मी गल्ली ओलांडली आणि तिच्या दारात जाऊन उभा राहिलो. त्यापायी तिच्या आईने तिला आठवडाभर एकटीला ताटं घासायला लावली.

हे तिला आईकडून आलेलं आहे. नद्दाहा म्हणजे काय हे आमच्या नदीकाठच्या कुठल्याही पोराला विचारा. पाण्यातली बाई. ती काठावरच्या पुरुषाला नावाने हाक मारते आणि तो पाण्यात उतरतो तो पुन्हा काही येत नाही. सुंदुसच्या आईची पणजी तसलीच होती. तिने मितवल्ली नावाच्या एका कोळ्याला सलग तीन दिवस हाका मारल्या. मितवल्ली ठार बहिरा. तो आपला जाळं विणत बसलेला. चौथ्या दिवशी बाईचं डोकं फिरलं, ती स्वतःच पाण्याबाहेर आली आणि तिने त्याच्या खांद्यावर टकटक केलं. ती परत गेलीच नाही. लग्न रीतसर झालं, काझी आले, साक्षीदार आले. पुढे तिने एक रोजा चुकवला नाही की एक नमाज चुकवली नाही. जिनांतही मुसलमान असतात हे कुराणातच आहे, त्यामुळे आमच्या शेखसाहेबांनी कधी हरकत घेतली नाही. तेव्हापासून त्या घराण्यात एक पिढी सोडून एका मुलीच्या गळ्यात ती हाक उतरते. फरक एवढाच की पणजी माणसांना पाण्यात बोलवायची आणि या मुली पाण्यातून बाहेर बोलावतात.

आमची वस्ती नाईलच्या मुखाशी, रशीद शहराच्या खाली. इथे नदी आणि समुद्र रोज एकमेकांशी भांडतात आणि मार आमच्या बोटींना बसतो. सुंदुस दहा वर्षांची होती तेव्हा होडीवरून पडलेलं एक पोर तिने काठावरून हाक मारून बाहेर काढलं. ते तळाच्या चिखलातून चालत वर आलं, नाकात शेवाळ आणि हातात अजून बिस्किटाचा पुडा. त्यानंतर किती जण आले ते मी मोजलेलं नाही. शाळेच्या भिंतीवर पोरांनी तिचं चित्र काढलंय. खांद्यावरून मागे उडणारं कापड, डोळ्यांवर मुखवटा, खाली मोठ्या अक्षरात ‘रशीदची वीरांगना’. चित्र बघून तिची आई एवढंच म्हणाली, “ओढणी वाकडी काढलीय मेल्यांनी.”

तिच्या आईला सगळे उम्म यासीन म्हणतात, म्हणजे यासीनची आई. यासीन सात वर्षांचा आहे. याबद्दल सुंदुसचं भांडण जुनं आहे.

“मी नऊ वर्षं आधी आले,” ती म्हणते, “आणि नाव याचं?”

“तू जगाची आहेस ना,” आई म्हणते. “मग जगाने म्हणावं मला उम्म सुंदुस. आता ते मासे साफ कर, आणि रसायनशास्त्राचं पुस्तक ओट्यावरून उचल, त्याला खवले लागतायत.”

घरात तिला कसलीही सवलत नाही. नदीवरून माणूस वाचवून ओल्या पायांनी आली तरी आधी पाय पुसायचे, मग भात बघायचा. आणि जेवायला यासीनला हाक मारायची ती साधी, गळ्यातली नाही. एकदा तिने आळस करून गळ्यातली मारली. ते पोर चेंडूच्या मागे पळत होतं, ते तसंच उलट्या दिशेने ओढलं गेलं, रडत, एका पायात चप्पल. त्या दिवशी आईने तिला जे ऐकवलं ते मी इथे सांगणार नाही.

अडचण एकच होती. आमच्याकडे पुरुषाच्या आईचं नाव ही झाकून ठेवायची गोष्ट. करणी करणाऱ्याला आधी तेच नाव लागतं, म्हणून एक भीती. आणि शाळेत एखाद्याच्या आईचं नाव फुटलं तर पोरं त्याला जगू देत नाहीत, म्हणून दुसरी. मिशा पांढऱ्या झालेली माणसंसुद्धा ते नाव ओठांवर आणत नाहीत. पण हिवाळ्यातली वादळं कुणाची भीड ठेवत नाहीत. शेवटी एकेक तांडेल सुंदुसच्या पायरीवर येऊन बसायला लागला. आधी हवेबद्दल बोलायचं, मग तिच्या वडिलांची तब्येत विचारायची, मग इकडेतिकडे बघून तिच्या कानाशी वाकायचं. तांडेल दर्वेश, ज्याच्या आवाजाने बंदर हलतं, तो कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल होऊन कुजबुजताना मी पाहिलाय.

सुंदुस फक्त म्हणायची, “ठेवलं.” कागदावर तिने एक अक्षर लिहिलं नाही. साऱ्या बंदराच्या आया त्या एका पोरीच्या डोक्यात होत्या. त्यातली एकही कधी बाहेर सांडली नाही, आणि मला तिच्या हाकेपेक्षा याचंच जास्त कौतुक आहे.

एक नाव मात्र तिच्याकडे नव्हतं, तिच्या बापाच्या आईचं. तिचा बाप बय्यूमी बोटी बांधतो, पक्का कारागीर म्हणून सगळे त्याला उस्ता म्हणतात. त्याच्या हाताखालून उतरलेली बोट गळत नाही अशी ख्याती आहे आणि त्याचा हट्टही तसाच आहे, कुठून फट सापडत नाही.

“बाबा, आजीचं नाव काय होतं?”

“आजी.”

“ते नातं झालं.”

“तुला तेवढं पुरे. मी बोटी बांधतो, बोटीत बसत नाही. मला कशाला बुडायचंय?”

“आई, तू सांग.”

“मला कुणी सांगितलंय? सतरा वर्षं झाली लग्नाला. कबरीवरसुद्धा ‘बय्यूमीची आई’ एवढंच कोरलंय. तुझा बाप तिजोरी आहे आणि किल्ली त्याने गिळलीय.”

सुंदुसला ते लागायचं. साऱ्या गावाला बाहेर काढू शकते आणि बापाला नाही, हे तिने माझ्याजवळ बोलून दाखवलं. कपडे द्यायला आली होती.

“अम्मो फिकरी,” आमच्याकडे काकाला अम्मो म्हणतात, “तुम्ही आणि बाबा एकाच गल्लीत वाढलात. तुम्हाला माहीत असेल.”

“आठवत नाही.”

“तुम्हाला तीस वर्षांपूर्वी कुणाचा झगा कुठे जळला तेसुद्धा आठवतं.”

“झग्याची गोष्ट वेगळी.”

मी खोटं बोललो. मला ते नाव चांगलं आठवत होतं, कारण ते फोडलं होतं मीच. आम्ही दोघं नऊ वर्षांचे होतो. तो गोट्यांत जिंकला, मी चिडलो, आणि माझ्या आईच्या तोंडून चोरून ऐकलेलं ते नाव मी भर गल्लीत ओरडलो. नाव हसण्यासारखंच होतं. पोरांना आयतं मिळालं. दोन वर्षं त्याला त्याच नावाने सतावलं. त्याची आई रोज दुपारी शाळेच्या फाटकाशी भाकरी घेऊन यायची, ती फाटकाशी यायची बंद झाली, लांब भिंतीआड उभी राहायला लागली. मग बय्यूमीने शाळाच सोडली आणि तो बोटींच्या कारखान्यात गेला. माझ्या बापाने माझा हात कुराणावर ठेवून वदवून घेतलं होतं की हे नाव पुन्हा तोंडातून काढणार नाही. बय्यूमीने मला कधी जाब विचारला नाही. चांगला वागतो. पण मला त्याच्याकडे बघायची लाज वाटते, आणि ती लाज पंचेचाळीस वर्षांत कमी झालेली नाही.

गेल्या नोव्हेंबरात मकनसा आलं. आमच्या वादळांना नावं असतात आणि मकनसा म्हणजे झाडू, सगळं झाडून नेतं. ते दोन दिवसांनी यायचं होतं. शुक्रवारची नमाज झाली आणि नव्या निळ्या बोटीचा मालक बय्यूमीच्या मागे लागला, सुकाणू करकरतंय, उस्ता, मुखापर्यंत चल आणि स्वतःच्या कानांनी ऐक. स्वतःच्या कामाला कुणी नाव ठेवलेलं बय्यूमीला सोसत नाही. तो तसाच, जेवायच्या आधी, बोटीत चढला. मालक, दोन खलाशी, तांडेल दर्वेश आणि तो, असे पाच जण.

वारा अर्ध्या तासात फिरला. नदी आणि समुद्र मिळतात तिथल्या वाळूच्या दांड्यावर लाटेने बोट आडवी घेतली आणि पालथी केली. आम्ही सगळे काठावर होतो, सगळ्यांनी पाहिलं. सुंदुस स्वयंपाकघरातून धावत आली तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत पिठाचे होते. ती पाण्याच्या कडेला थांबली, बिस्मिल्ला म्हणाली, आणि तिने पहिली हाक मारली. घाबरलेलं माणूस ओरडतं तशी नाही, उंबऱ्यावर उभं राहून घरच्या माणसाला बोलवावं तशी. मालक आला. दोन्ही खलाशी आले. दर्वेश आला, छातीभर पाण्यातून सरळ चालत. भर वाऱ्यात चौघांच्या आयांची नावं काठावर मोठ्याने घेतली गेली आणि कुणी कुणाकडे वळून पाहिलं नाही.

“बय्यूमी,” ती ओरडली. दूर लाटेत एक डोकं वर आलं, आमच्याकडे वळलं, आणि पुन्हा खाली गेलं. नुसत्या नावाने तेवढंच होतं, मान वळते.

ती आईकडे वळली. उम्म यासीन दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून मान हलवत होती, नाही माहीत, नाही माहीत. मग सुंदुसने माझ्याकडे पाहिलं.

“अम्मो,” ती म्हणाली. “तुम्हाला आठवतं.”

शपथ आड आली नाही असं मी म्हणणार नाही. एकदा खोटं बोललो तेवढं पुरे. आली, क्षणभर आली. मग मी तिच्या कानाशी वाकलो आणि कुजबुजलो.

“ऐकू येत नाही. वारा आहे. मोठ्याने सांगा.”

तेव्हा मी पुन्हा एकदा ते नाव साऱ्या गावादेखत ओरडलो. “खेशा.”

खेशा म्हणजे लादी पुसायचं गोणपाट. त्या माउलीच्या आधीची तीन भावंडं पाळण्यात गेली होती, म्हणून हिचं असं नाव ठेवलं, मरणाला वाटावं की हे टाकाऊ आहे, नको न्यायला. लहानपणी मला हे ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी मी ओरडलोच असतो, असलाच होतो मी.

“बय्यूमी,” सुंदुसने हाक मारली, “खेशाच्या लेका, ये.”

कुणी हसलं नाही. आम्ही पाण्याकडे बघत राहिलो. दांड्याच्या अलीकडे आधी टक्कल दिसलं, मग खांदे. लाटा त्याला मागे ओढत होत्या, पण पाय पुढेच पडत होते. तो काठावर आला, गुडघ्यांवर बसला, भडभडून पाणी ओकला. उम्म यासीनने त्याला पाठीत धपाटे घातले, अर्धे पाणी काढायला आणि अर्धे रागाने.

उठून उभा राहिल्यावर त्याने गर्दीत मला शोधलं.

“तू सांगितलंस.”

“हो.”

“मोठ्याने?”

“मोठ्याने.”

“वारा होता, बाबा,” सुंदुस म्हणाली.

मी चष्मा काढून खिशात ठेवला. पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा ठोसा आज मिळाला असता तरी माझी तक्रार नव्हती. पण तो माझ्याकडे आलाच नाही. तो लेकीकडे वळला.

“आई गेल्यापासून तिचं नाव कुणी घेतलं नाही,” तो म्हणाला. “मीच घेऊ दिलं नाही. पुन्हा म्हण.”

“बाबा, तुम्ही आलात की.”

“आलो. तरी म्हण.”

साऱ्या गावासमोर सुंदुसने बापाचं नाव घेतलं, आणि आजीचं घेतलं, या वेळी अगदी हळू. त्याचा पाय उचलला गेला. दोघांमध्ये आता एका पावलाचीही जागा नव्हती, म्हणून तो सरळ तिच्यावर येऊन आदळला, आणि पिठाने माखलेल्या तिच्या हातांना त्याने बराच वेळ सोडलं नाही.