दत्तूच्या चार निवडणुका

माझ्या दुकानात जुन्या वायरींचं एक खोकं आहे. त्यातली एक वायर हवी म्हणून ओढावी, तर तिच्याबरोबर चार वायरी, दोन प्लग आणि एखादा मेलेला माइक बाहेर येतो. निवडणुकीच्या किश्श्यांचं तसंच आहे राव! एक सांगायला बसलो की बाकीचे आपोआप ओढले जातात.

आणि मला ते ठाऊक असणारच. माझा धंदाच स्पीकर-मांडवाचा. आळेफाट्यापासून जवळच आमचं गाव, गावात स्पीकरचा सेट एकच, तो माझा. त्यामुळे कोण काय बोललं आणि काय बोलून पस्तावलं, ते सगळं माझ्याच कर्ण्यातून गेलेलं. बायको म्हणते, "तुमी सांगताना निम्मं वाढवून सांगता." असेल. पण उरलेलं निम्मंसुद्धा ऐकण्यासारखं आहे.

हे सगळे किस्से आमच्या दत्तूचे. दत्तूची आयुष्यात एकच इच्छा होती. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर सदस्यांच्या नावांचा बोर्ड आहे ना, पिवळ्या रंगावर काळी अक्षरं? त्यावर एकदा तरी आपलं नाव लागावं! वॉर्ड नंबर तीनमधून तो नव्वदच्या सुरुवातीपासून उभा राहायचा आणि दर वेळी किसनशेठ त्याला पाडायचे. किसनशेठची भावकीच एकोणीस घरांची. दत्तूची चार घरं, त्यातल्या एकाशी बांधावरून भांडण!

*

पहिल्या निवडणुकीत माझा एकच सेट दोघांनीही ठरवला. मी तरी कुणाला नाही म्हणणार? सकाळी किसनशेठ, दुपारनंतर दत्तू. जीपही एकच, जुन्नरच्या रशीदभाईची. चालवायचे तेच आणि माइकवर ओरडायचेही तेच. आवाज असा, की ओरडले की झाडावरचे बगळे उडायचे.

सकाळी रशीदभाई सांगायचे, "किसनशेठ म्हंजे विकास!" दुपारी जेवून, पान लावून, त्याच आवाजात, "किसनशेठनं काय केलं? इचारा!" गावाला त्याचं काही वाटत नव्हतं. एकदा एका म्हातारीनं मात्र जीप थांबवली.

"रशीद, आरं तू इतका फिरतोस, तुला सगळं म्हाईत. खरं सांग, मत द्यायच्या लायकीचं कोन हाय?"

रशीदभाईंनी मनगटावरच्या घड्याळात बघितलं.

"आजी, बारा वाजून गेलेत. दत्तूभाऊ!"

*

त्याच निवडणुकीत दत्तूनं ठरवलं, वॉर्डात दिसेल त्या मोठ्या माणसाच्या पाया पडायचं. कुणाला सोडायचं नाही. एका ओसरीवर फेटेवाले एक गृहस्थ बसले होते. दत्तू गेला आणि सरळ पायांवर डोकं.

गृहस्थ खूश! "बस लेकरा," म्हणाले. मळा कुठं, पीक काय, भाऊ किती, सगळी चौकशी केली. जेवायला घातलं. दत्तू दोन तास तिथंच. निघताना त्यानं हात जोडले, "मग मत आपल्यालाच ना आण्णा?"

"मत?" आण्णा म्हणाले, "माझं मत पारगावला. मी हितं लेकीकडं आलोय पावणा म्हनून!"

दत्तूचं तोंड बघण्यासारखं झालं. पण पुढं ऐका. त्या पाहुण्यानं घरी जाऊन आपली पुतणी दत्तूच्या धाकट्या भावाला दिली. "ज्या घरात थोरला इतका वाकतो, त्या घरात पोरगी सुखात राहील," म्हणाले.

निवडणूक दत्तू सपाटून हरला. पदरात पडली ती एक भावजय!

*

दुसऱ्या निवडणुकीत दत्तूला चिन्ह मिळालं कपबशी. दत्तू आनंदानं नाचला. "घराघरात हाय! आता बाई सकाळी उठली की दत्तूच आठवंल!"

पण कपबशीवाल्यानं दारात आलेला चहा नाकारायचा कसा? लोक म्हणणार, स्वतःच्या चिन्हालाच नको म्हणतो! पहिल्या दिवशी दत्तूनं बावीस कप चहा प्यायला. दुसऱ्या दिवशी तीसच्या पुढं गेला. ही बातमी किसनशेठना कळली. आता किसनशेठ कसले सोडतात? त्यांनी आपल्या एकोणीसही घरांना निरोप धाडला, "दत्तू दिसला की हाक मारायची. चहा गोड करायचा. लई गोड!"

विरोधकाची भावकी एवढ्या मायेनं बोलवतेय म्हटल्यावर दत्तूला वाटलं, वारं फिरलं! तो एकोणीस घरं फिरला. प्रचार संपायच्या दोन दिवस आधी त्याला जीपमध्ये आडवा घालून नारायणगावच्या डॉक्टरकडं न्यावा लागला.

डॉक्टरांनी पोट दाबलं, जीभ बघितली आणि सांगितलं, "चहा एकदम बंद."

दत्तू पडल्या पडल्या म्हणाला, "डॉक्टर, दोन दिस थांबा. आता चिन्ह बदलून मिळत न्हाई!"

*

तिसऱ्या वेळेला किसनशेठनी मोठा बार उडवायचं ठरवलं. तालुक्याहून एक पुढारी भाषणाला आणले. सभा दिवसाउजेडी, चार वाजता. ते दिवस लोडशेडिंगचे. विहिरीवरच्या मोटारीला लागणारी थ्री-फेज लाइट कधी येईल आणि किती वेळ टिकेल, याचा पत्ता कुणालाच नसायचा.

पटांगण गच्च भरलेलं. पुढाऱ्यांनी "बंधू आणि भगिनींनो" म्हणायला आणि पलीकडच्या मळ्यातून कुणीतरी ओरडायला एकच गाठ पडली.

"थ्री-फेज आली रं!"

मी धंद्यात पुष्कळ सभा उधळलेल्या पाहिल्या, पण अशी नाही. कांद्याला, टोमॅटोला पाणी द्यायचं राहिलेलं. बघता बघता पटांगण रिकामं! कुणी सायकलवर, कुणी पळत, प्रत्येक जण आपापल्या स्टार्टरकडं. स्वतः किसनशेठ हार गळ्यात तसाच ठेवून स्टेजवरून उडी मारून गेले.

उरलो आम्ही तिघं. स्टेजवर पुढारी, बाजूला मी, कारण माझं सामान तिथं, आणि समोर सतरंजीवर एकटा माणूस.

पुढारी जिद्दीचे. त्यांनी पूर्ण भाषण त्या एका माणसासाठी केलं. शेवटी त्याच्याकडं बोट करून म्हणाले, "आणि तो दत्तू का कोण आहे ना, त्याला चुकूनसुद्धा मत देऊ नका!"

समोरचा माणूस उभा राहिला. त्याची मोटार आठ दिवसांपूर्वी जळाली होती, म्हणून तो बसून होता.

"तुमी एवढं जीव तोडून सांगितलंय साहेब," दत्तू म्हणाला, "पण एक मत तर द्यावंच लागंल मला!"

*

चौथ्या निवडणुकीत वॉर्ड नंबर तीन महिलांसाठी राखीव झाला. दत्तू दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी उठला आणि बायकोला, कौसल्याला, म्हणाला, "तू उभी ऱ्हा. ही शेवटची. आता पडलो तर पुन्हा नाव काढणार न्हाई." तिकडं किसनशेठनी आपली बायको हिराबाई उभी केली. दोघींनाही नवऱ्यांनी विचारलं नाही, नुसतं कळवलं.

अशात आमचे गायकवाड गुरुजी, शाळेतून रिटायर झालेले, त्यांनी एक टूम काढली. परदेशात दोन उमेदवार समोरासमोर उभे राहून वाद घालतात ते त्यांनी टीव्हीवर पाहिलेलं. म्हणाले, "आपल्याकडेही व्हायला पाहिजे. पारावर दोघींना बोलू द्या. लोकांना तुलना करता येईल."

रशीदभाई म्हणाले, "गुरुजी, हितं मत भावकीवर पडतं. बोलण्यानं कुठं फिरतंय?"

"मतं नाही फिरली तरी चालेल," गुरुजी म्हणाले. "कान तरी फिरतील!"

झालं. पारावर दोन खुर्च्या, मधे माझा माइक. दत्तूनं कौसल्याला अकरा पानांचं भाषण लिहून दिलेलं. किसनशेठनी हिराबाईकडून चार दिवस घोकून घेतलेलं. दोघेही नवरे आपापल्या खुर्चीमागं उभे.

कौसल्या उठली. अकरा पानं तिनं खुर्चीवर ठेवली आणि उडू नयेत म्हणून वर दगड ठेवला. मग हिराबाईंकडं वळून म्हणाली, "हिराताई, गावाला नळाचं पानी कधी सुटतं?"

"सकाळी धाला," हिराबाई बोलून गेल्या.

"धाला आपन कुठं असतो?"

"टोमॅटो तोडायला."

"म्हंजे घरी नळ असून आपल्या कामाचा न्हाई. परवा दुपारी तुमी आणि मी हंडा घेऊन हिरीवर भेटलो का न्हाई?"

मागून किसनशेठ कुजबुजले, "न्हाई म्हन, न्हाई म्हन!" ते माझ्या माइकनं उचललं आणि आख्ख्या गावानं ऐकलं.

"भेटलो," हिराबाई म्हणाल्या.

"मला निवडून दिलं तर पानी सकाळी सहाला सुटंल. पैसा लागत न्हाई, घड्याळ लागतं. एवढंच." कौसल्या खाली बसली.

गुरुजी म्हणाले, "हिराबाई, आता तुमची बाजू."

हिराबाई उठल्या, माइकजवळ आल्या. "ह्यांनी पाठ करून घेतलंय," म्हणाल्या, "पर त्यात पान्याचं काय न्हाई." आणि खाली बसल्या!

वाद संपला. दत्तूनं कपाळावर हात मारला, "अकरा पानं फुकट गेली!" किसनशेठ मात्र छाती फुगवून सगळ्यांना सांगत सुटले, "आमची बाई कमी बोलली. ह्याला म्हनत्यात शिस्त!"

*

मोजणी जुन्नरला तहसील कचेरीत. बाहेर रशीदभाई जीप घेऊन आणि मी कर्णे बांधून तयार. दत्तूला आत जायचा धीर होईना, तो टायरला टेकून बसलेला. कौसल्या शेजारी शेंगा खात होती.

आतून निरोप आला, कौसल्याबाई एका मतानं पुढं! किसनशेठनी फेरमोजणी मागितली. पुन्हा एक. त्यांनी अजून एकदा मागितली. अधिकारी म्हणाले, "शेठ, कितीही वेळा मोजलं तरी ते एकच राहणार. घरी जा."

गुलाल उधळला. दत्तू रडला, हसला, पुन्हा रडला. पंधरा दिवसांनी बोर्डावर नाव लागलं ते असं: सौ. कौसल्या दत्तात्रय, पुढं आडनाव.

दत्तूनं ते बोटानं वाचलं आणि मला म्हणाला, "बघ, आलं की न्हाई माझं नाव? मधे का असंना!"

*

पण खरी गंमत झाली ती निकालाच्या दुसऱ्या दिवशी, किसनशेठच्या वाड्यावर. त्यांनी विजयाच्या सभेसाठी माझ्या सेटमधले उरलेले दोन कर्णे अंगणातल्या लिंबावर आधीच बांधून घेतले होते. ते सोडवायला मी शिडी लावून वर चढलो होतो, म्हणून मला हे सगळं वरून दिसलं.

आमच्याकडं मतदानाच्या आधी भावकीला बेलभंडारा उचलायला लावतात. ताटात देवाचा भंडारा आणि बेलाचं पान. ते हातात घेऊन सांगायचं, मत अमक्यालाच देणार. त्यावर कुणी खोटं बोलत नाही. किसनशेठनी मतदानाआधी एकोणीसही घरांकडून तो उचलून घेतला होता. आता हरल्यावर त्यांनी सगळ्यांना पुन्हा अंगणात बोलावलं.

"एका मतानं गेलो," ते म्हणाले. "आपलं एक मत तिकडं गेलं नसतं तर निकाल उलटा लागला असता. कोन फुटला, ते आज कळलंच पायजे. उचला!"

एकेक जण पुढं आला. चुलत भाऊ, पुतणे, सुना, एक आंधळा काका. प्रत्येकानं बेलभंडारा उचलून सांगितलं, "मत हिराबाईलाच दिलं." कुणाची जीभ अडखळली नाही. ज्याच्यावर शेठचा पक्का संशय होता, त्या पुतण्यानं तर दोनदा उचलला.

किसनशेठ डोकं धरून बसले. "सगळीच खरं बोलत्यात. मग मत गेलं कुठं?"

कोपऱ्यातून त्यांची म्हातारी आई म्हणाली, "हिराचं ऱ्हायलंय की."

अंगणात हशा पिकला. एक जण म्हणाला, "आजी, उमेदवाराला कोन शपथ घालतं व्हय?" किसनशेठही हसले. "बरं, व्हऊन जाऊ द्या. हिरा, ये गं. तू बी उचल!"

हिराबाई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या. त्यांनी ताटातल्या बेलभंडाऱ्याकडं बघितलं. ट्रे काही खाली ठेवला नाही.

"देवाची खोटी शपथ मी न्हाई घेनार," त्या म्हणाल्या.

मी वर फांदीला घट्ट धरलं.

"आगं," किसनशेठ उठून उभे राहिले, "आगं, पर उभी तूच व्हतीस ना!"

"व्हते की," हिराबाई पहिला कप त्यांच्याच हातात देत म्हणाल्या. "पर त्या दिशी पारावर कौसल्याबाईचं बोलनं पटलं मला. घ्या चहा, गार व्हतोय."