भिवाचा दोर

ऋतुजाने दोर कापला. भिवा खाली अंधारात पडला. त्याची किंकाळी तिच्या हेडफोनमधून मलाही ऐकू आली. तिने शांतपणे पुढची कळ दाबली. कोनाड्यातल्या देवीपुढचा दिवा एकदम मोठा झाला, ऋतुजाच्या सगळ्या जखमा भरल्या आणि ती पुढे चालू लागली.

मी तिच्या खुर्चीमागे उभी होते. आम्ही प्लेटेस्टला गेलो होतो. प्लेटेस्ट म्हणजे गेम बाजारात आणण्याआधी तो बाहेरच्या माणसांना खेळायला द्यायचा आणि आपण मागे उभं राहून पाहायचं. बोलायचं नाही, मदत करायची नाही. नगरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजने आम्हाला त्यांची लॅब दिली होती. मी गेम डिझायनर. गेममध्ये काय केलं की काय होतं, हे नियम ठरवणं माझं काम.

मी शेजारच्या खुर्चीमागे गेले. तिथल्या मुलानेही दोर कापला. त्याच्या पलीकडच्याने भिवाला मुद्दाम देवीच्या कोनाड्यापर्यंत चालवत नेलं, तिथे थांबला आणि मग कापला.

 भिवाला मारलं की देवी पावते, हे आम्ही गेममध्ये ठेवलेलंच नव्हतं.

गेम कसा होता ते सांगते, म्हणजे माझा धक्का कळेल. साल बहात्तर, दुष्काळ, नगर जिल्ह्यातलं एक गाव. विहीर आटलेली. तळ खोदताना खाली एक भुयार लागतं आणि पाण्याच्या शोधात तुम्ही त्यात उतरता. एकाखाली एक असे मजले. प्रत्येक मजल्यावर विंचू, वटवाघळं, पिशाच्चं. बरोबर एक सोबती असतो, भिवा. तो तुमच्या कमरेच्या दोराला बांधलेला असतो, तुमच्यासाठी कंदील धरतो, अधूनमधून काहीबाही बोलतो. एखाद्या कड्यावर दोघांचं वजन पेलत नसेल तर शेवटचा उपाय म्हणून सुरीने दोर कापता येतो. कुणी ते करेल असं आम्हाला वाटलं नव्हतं. केलंच तर पस्तावेल, म्हणून ठेवलं होतं.

आणि प्रत्येक मजल्यावर कोनाड्यात देवी. तिची कृपा हा गेमचा कणा. कॉम्प्युटरच्या दृष्टीने कृपा म्हणजे एक लपवलेला आकडा. नारळ वाहिला, धान्य वाहिलं की तो थोडा वाढतो. कोनाड्याजवळ एखादं पिशाच्च मारलं तर जास्त वाढतो. नुसते भटकत राहिलात तर हळूहळू उतरतो, देवी तुम्हाला विसरते. जीव जायची वेळ आली आणि तुम्ही तिला हाक मारली, की आकडा पुरेसा असेल तर ती वाचवते. नसेल तर दिवा विझतो. खेळणाऱ्याला आकडा दिसत नाही. दिव्याच्या उजेडावरून अंदाज बांधायचा. मला ही कल्पना फार आवडली होती.

चहाच्या सुट्टीत मी ऋतुजाजवळ गेले. पुणतांब्याची मुलगी, शेवटच्या वर्षाला, बोलायला स्वच्छ.

"दोर का कापलास गं?"

"देवीला पाहिजे ना, ताई."

"गेममध्ये तसं कुठे लिहिलंय?"

"लिहिलेलं नाही. पण दिला की ती पावते. नारळाने एवढं नाही होत."

"आणि या बाकीच्यांना कुणी सांगितलं?"

"मीच. सकाळी माझा चुकून कापला गेला होता." तिने कप खाली ठेवला. "वाईट वाटतं थोडं. तो बोलतो ना मधेमधे. म्हणून मी लवकरच देते, जास्त बोलायच्या आत."



सावेडीतल्या आमच्या ऑफिसात परतल्यावर इम्रानने कोड उघडला. तो आमचा प्रोग्रामर. चूक, आमच्या भाषेत बग, लगेच सापडली. नियम असा होता की कोनाड्याजवळ जो जीव मरेल तो देवीला पोचतो, आणि जितका बलवान जीव तितकी कृपा मोठी. भिवाला यातून वगळायचं राहून गेलं होतं. सुरुवातीच्या मजल्यांवर सर्वांत बलवान भिवाच. त्यामुळे त्याच्या एका मरणाने आकडा काठोकाठ भरायचा. पुढच्या मजल्यावर भिवा पुन्हा हजर. जिन्याशी कंदील घेऊन उभा, काही झालंच नाही अशा चेहऱ्याने.

"एका ओळीचं काम आहे," इम्रान म्हणाला. "आत्ता काढतो."

शिरीष सर आमचे बॉस. ते दारात उभे राहून ऐकत होते.

"थांब," ते इम्रानला म्हणाले, मग माझ्याकडे वळले. "पोरं किती वेळ खेळली ते पाहिलंस का? लॅबवाल्याने दिवे बंद केले तरी उठत नव्हती. अशी ओढ आपल्याला आजवर मिळाली नव्हती. बग कशाला म्हणतेस, फीचर म्हण, गेमची खुबी."

"सर, माणूस मारायला शिकवतोय आपण. तोही सोबतीचा माणूस."

"गेममध्ये सगळेच मारतात."

"पिशाच्चं मारतात. हा कंदील धरून उभा आहे."

"दोन दिवस विचार कर. मग बोलू."

रविवारी मी गावी गेले. आमचं गाव पाथर्डीकडे, कोरड्या मुलखात. माझे वडील, अण्णा, बहात्तर साली विशीतले होते. विहिरी खोदायच्या कामावर जायचे. गेममधली विहीर, सुरुंगाची भोकं, मलबा वर ओढायची लाकडी यारी, हे सगळं मी त्यांच्याकडूनच घेतलं होतं. ओट्यावर बसून मी त्यांना कॉलेजातला प्रकार सांगितला. ते हसतील असं वाटलं होतं.

ते हसले नाहीत. 

"तुला कुनी सांगितलं हे?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"सखारामचं."

सखाराम कोण हे मला ठाऊक नव्हतं. मी तसं म्हणाले. मग त्यांनी सांगितलं, आणि मध्ये एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

"आमच्याच टोळीतला गडी. शेजारच्या गावात हीर खनत हुतो. सांजच्याला सुरुंग उडवला आन् घरी गेल्तो. सकाळी मलबा काढाया सखाराम उतरला. यारीवर आमी तिघं हुतो. दोर जुना. मधीच तुटला. वर काढला तवर गेलता. आन् दुपारी बघतो तर तळाला पानी."

"पाणी सुरुंगानेच लागलं असणार, अण्णा. मलब्याखाली रात्रभर साचत असेल."

"व्हय. मला आता कळतं. तवाबी एकदोघांला कळलं आसंल. पन म्हनायचं कुनी? समद्यांच्या तोंडी एकच, हिरीनं मानूस घेतला आन् पानी दिलं. त्याच्या बायकूला लुगडं नेसवलं, पाया पडले तिच्या."

"मग?"

"मंग काय. पुढच्या हिरीवर गेलो. दोर तसाच, गाठ मारलेला. मी मालकाला म्हनलो, नवा दोर आना. त्यो म्हनला, बघू. दुसऱ्या मालकाचंबी तेच. नवा दोर आनायला कुनीच राजी न्हाई. आन् आत उतराया लांबून गडी आनायला लागले. गावातला न्हाई."

मला अर्थ कळायला थोडा वेळ लागला. दोर तुटलेलाच त्यांना हवा होता.

"कुणी पडलं का पुन्हा?"

"एक पडला. बीडकडचा हुता. नावबी नीट म्हाईत न्हवतं कुनाला."

"पाणी लागलं?"

"न्हाई."

"मग तरी लोकांना कळलं असेल ना?"

अण्णांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "म्हनले, परका गडी हुता. आपला न्हवता, म्हनून पावली न्हाई."

आत आई भाकरी थापत होती. तिलाही हे ठाऊक नसावं, कारण थापण्याचा आवाज थांबला होता. अण्णांनी त्यानंतर विहिरीचं काम सोडलं आणि खडी फोडायच्या कामावर गेले, एवढंच मला आजवर माहीत होतं. सोडलं का, हे मी कधी विचारलं नव्हतं.

सोमवारी मी हे शिरीष सरांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी मध्ये फोन आला तो घेतला नाही. शेवटी एवढंच म्हणाले, "काढून टाका."

इम्रानने ती ओळ दुरुस्त केली. आता भिवा मेला तर कृपा जराही वाढत नव्हती. आम्ही स्वतः पुन्हा पुन्हा खेळून खात्री केली आणि नवीन बिल्ड, म्हणजे दुरुस्त केलेली प्रत, घेऊन त्याच लॅबमध्ये गेलो. काही मुलं जुनी होती, काही नवीन.

दोर कापले गेले. जुन्यांनी कापले, आणि नव्यांनी जुन्यांचं बघून कापले.

"काही होत नाहीये ना त्याने?" मी नियम मोडून एका मुलाला विचारलं. तो कोल्हारचा होता, ओंकार नावाचा.

"होतंय की. दिवा वाढला बघा."

दिवा वाढला नव्हता. मी त्याच्यापेक्षा जवळून पाहत होते.

ऑफिसात आम्ही ठरवलं की लपवाछपवीच नको. कृपेचा आकडा पडद्याच्या कोपऱ्यात सरळ दाखवायचा. माझी आवडती कल्पना गेली, पण म्हटलं जाऊ दे. पुढच्या खेपेला ओंकारने दोर कापला, आकडा होता तिथेच राहिला, आणि तो म्हणाला, "हा वरचा आकडा दाखवायचा असतो, ताई. खरा आत असतो."

मग मी उलटं करून पाहिलं. दोर कापला की देवी कोपेल आणि आकडा धाडकन खाली येईल. लाल अक्षरात. यापुढे तरी प्रश्न उरणार नाही असं मला वाटलं. ऋतुजाने आकडा कोसळताना पाहिला. क्षणभर थांबली. मग शेजारणीला म्हणाली, "जागा चुकली बहुतेक. अगदी समोर नेऊन द्यायला पाहिजे."

मी बाहेर व्हरांड्यात गेले. ही मुलं वाईट नव्हती. परत आले तेव्हा त्यातल्या एकीने माझ्यासाठी चहा झाकून ठेवला होता. कोडमध्ये देवी नाही, फक्त आकडा आहे, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं, परीक्षेत विचारलं असतं तर पूर्ण मार्क मिळाले असते. तरी हात सुरीकडे जात होता. आणि माझ्या डोळ्यांपुढे सारखा तो गाठ मारलेला दोर येत होता.

इम्रान जवळ आला. "आता काय करायचं?"

"सुरी काढ."

"म्हणजे दोर कापताच येणार नाही? मग कड्यावर वजन पेललं नाही तर?"

"दोघं पडतील."

तो म्हणाला, "चालेल."

गेम तसाच बाजारात आला. फार चालला नाही, अगदी पडलाही नाही. पहिल्या आठवड्यात ओंकारचा मेल आला. शुभेच्छा होत्या, खाली एक तक्रार होती. आधीच्या बिल्डमधली देवी जागृत होती, आता ती तशी राहिली नाही, शक्य झालं तर पूर्वीसारखं करावं. मी मेल अण्णांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "त्याला सांग, आता दोर मजबूत हाय." मी तसंच लिहून पाठवलं. त्याचं उत्तर आलं नाही.

कामाच्या बाबतीत एक सवय मात्र लागली. पूर्वी बग सापडला की मी विचारायचे, दुरुस्त करायला किती वेळ लागेल. आता आधी विचारते, तो कुणाला पावला तर नाही ना. पावला असेल, तर एका ओळीचं काम राहत नाही.